शिबंदीची शिस्त आणि कुणब्याचे धान्य
स्पार्टा व शिवकालीन किल्ले यांतील दैनंदिन जीवनाचा तौलनिक विचार
(पावस येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. विषयाची मांडणी

युद्धासाठी घडलेल्या समाजांचा इतिहास बहुधा त्यांच्या लढायांवरून लिहिला जातो. त्यामुळे स्पार्टा म्हटले की थर्मोपिलीची खिंड आठवते आणि शिवकाल म्हटले की प्रतापगड, पावनखिंड व सिंहगड यांची नावे पुढे येतात. परंतु सैनिकाच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे असतात आणि उरलेले असंख्य दिवस पहाऱ्यात, पाणी भरण्यात, शस्त्रे पुसण्यात, धान्य मोजण्यात आणि पावसाळा उलटण्याची वाट पाहण्यात जातात. समाजाने आपल्या सैनिकाला हे दिवस कसे काढायला लावले, त्याचा शिधा कोठून आणला आणि तो पिकविणाऱ्या माणसाशी त्याचे नाते कोणत्या नियमाने बांधले, यावरून त्या समाजाची खरी ओळख पटते.

हा प्रश्न पावससारख्या गावी विचारणे विशेष उचित ठरते. गावाच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तेथे उत्तरेकडील डोंगरसोंडेवर पूर्णगड हा आटोपशीर किल्ला उभा आहे. त्याचे नाव मोठ्या लढायांच्या यादीत येत नाही. तरीही खाडीच्या तोंडावर नजर ठेवणाऱ्या अशा प्रत्येक लहान किल्ल्यावर शिबंदी, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांची तुकडी, असावी लागे, तिला अन्नपाणी लागे, आणि ते अन्न भोवतीच्या कातळांमधल्या भातखाचरांतून व वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीतून येत असे. किल्ल्याचा इतिहास तटबंदीच्या आत संपत नाही, हे अशा ठिकाणी सहज कळते.

या व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: कोणत्याही लष्करी शिस्तीची अंतिम कसोटी रणांगणावर लागत नाही, ती शेतकऱ्याच्या खळ्यावर लागते. स्पार्टाने आपल्या नागरिकाला जी कठोर शिस्त लावली ती धान्य पिकविणाऱ्याला धाकात ठेवण्यासाठी होती. शिवकालीन राज्यव्यवस्थेने सैनिकाला जी शिस्त लावू पाहिली तिचा एक प्रमुख हेतू मात्र धान्य पिकविणाऱ्याला सैनिकापासून वाचविण्याचा होता. दोन्ही ठिकाणच्या रोजच्या चालीरीती शेजारी ठेवल्या म्हणजे हा भेद उघड होतो.

२. स्पार्टाचा दिनक्रम

ग्रीसच्या दक्षिण भागात, युरोटस नदीच्या खोऱ्यात वसलेल्या स्पार्टामध्ये तीन थर होते. वर पूर्ण हक्काचे नागरिक, म्हणजे स्पार्टिएट; त्यांच्याभोवती पेरिओइकोय, म्हणजे व्यापार व कारागिरी करणारे स्वतंत्र पण राजकीय हक्क नसलेले लोक; आणि सर्वांच्या खाली हेलोट, म्हणजे जमिनीला बांधलेले, राज्याच्या मालकीचे मानले जाणारे शेतकरी. हेलोटांपैकी पुष्कळसे मेसेनिया या जिंकून घेतलेल्या शेजारच्या प्रदेशातले होते.

स्पार्टिएटाचा मुलगा सात वर्षांचा झाला की घर सोडून ‘अगोगे’ नावाच्या सार्वजनिक शिक्षणक्रमात दाखल होई. मुले टोळ्याटोळ्यांनी राहत, वर्षभर एकच वस्त्र वापरत आणि युरोटसच्या काठचे बोरू हातांनी मोडून त्यांच्या बिछान्यावर झोपत. त्यांना अन्न मुद्दाम अपुरे दिले जाई. ते चोरून मिळविण्यास मुभा असे, पण चोरी उघडकीस आली तर फटके बसत. विसाव्या वर्षाच्या सुमारास तरुणाला ‘सिसितिया’त, म्हणजे सुमारे पंधरा जणांच्या सहभोजन मंडळात, प्रवेश मिळवावा लागे. लग्न झाले तरी तिसाव्या वर्षापर्यंत त्याचा मुक्काम बराकीतच असे आणि साठाव्या वर्षापर्यंत लष्करी सेवेचे बंधन त्याच्यावर राही.

या सहभोजनाचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सभासदाने दरमहा जव, द्राक्षासव, चीज आणि अंजीर यांचा ठरलेला वाटा आणून द्यायचा आणि सर्वांनी एकच साधे अन्न खायचे. डुकराचे मांस, रक्त आणि सिरका यांचे काळे कालवण हे त्यातले प्रसिद्ध पक्वान्न. श्रीमंत-गरीब यांतला भेद ताटावर दिसू नये, हा त्यामागचा विचार होता. परंतु हा वाटा ज्याला भरता येत नसे त्याचे मंडळातले स्थान जाई आणि त्याबरोबर नागरिकत्वही जाई. समतेचे हे ताट असे तोलून मोजून भरावे लागत होते आणि त्यातला प्रत्येक घास हेलोटाच्या शेतातून येत होता.

स्त्रियांचे जीवन ग्रीसच्या इतर नगरांहून निराळे होते. मुली धावणे, कुस्ती यांचा सराव करीत; पुरुष बराकीत असल्यामुळे घर आणि जमीन यांची व्यवस्था स्त्रिया पाहत, आणि ॲरिस्टॉटलच्या काळी देशातली सुमारे दोन-पंचमांश जमीन स्त्रियांच्या हाती होती असे तो सांगतो. या मोकळेपणाचाही आधार हेलोटांचे श्रम हाच होता, कारण कताई-विणाई, दळण-कांडण अशा कामांतून स्पार्टिएट स्त्री सुटली ती त्यांच्यामुळे.

या सर्व रचनेच्या तळाशी भय होते. इ. स. पू. ४७९ मधील प्लातेयाच्या लढाईत पाच हजार स्पार्टिएटांबरोबर पस्तीस हजार हेलोट होते, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदविले आहे. एकामागे सात हे प्रमाण नेमके मानले नाही तरी संख्येतले अंतर त्यातून समजते. दरवर्षी निवडले जाणारे ‘एफोर’ नावाचे पाच अधिकारी पदावर येताच हेलोटांविरुद्ध युद्ध पुकारीत, म्हणजे हेलोटाला मारणे हे पाप ठरू नये अशी तजवीज करीत; आणि ‘क्रिप्तेइया’ या प्रथेनुसार निवडक तरुण रानात लपून राहून धिप्पाड, स्वाभिमानी हेलोटांचे खून पाडीत. युद्धात पराक्रम केलेल्यांना स्वातंत्र्य देऊ असे सांगून सुमारे दोन हजार हेलोटांना पुढे बोलावले गेले आणि नंतर ते नाहीसे केले गेले, अशी हकीगत थुसिडिडीजने दिली आहे. इ. स. पू. ४६४ च्या सुमारास झालेल्या मोठ्या भूकंपानंतर हेलोटांनी उठाव केला तेव्हा या भयाला कारण होते हे दिसून आले.

३. शिवकालीन किल्ल्यावरील राहणी

शिवकालीन किल्ल्यांच्या रोजच्या कारभाराविषयी दोन ग्रंथ विशेष उपयोगी पडतात. एक, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली बखर. आणि दुसरा, रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले, १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’. दोन्ही शिवाजी महाराजांच्या निधनानंतरचे आहेत आणि दोन्हींत आदर्शाचा रंग आहे, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. झेनोफन आणि प्लुटार्क यांनी केलेल्या स्पार्टाच्या वर्णनासही हीच मर्यादा लागू पडते.

सभासदाच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन समान योग्यतेचे अधिकारी असत. हवालदाराकडे गडाची मुख्य जबाबदारी, सबनिसाकडे हजेरी व लेखन, सरनोबताकडे शिबंदी, आणि त्यांच्या जोडीला धान्य व सामान यांचा हिशेब ठेवणारा कारखानीस. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींतून नेमण्याचा हेतू उघड होता: एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये. घेरा मोठा असेल तर तटाचे भाग पाडून प्रत्येकावर तटसरनोबत नेमला जाई. शिबंदीत नऊ पाइकांवर दहावा नाईक असे, आणि बंदूकवाले, विटेकरी, तिरंदाज अशी त्यांची हत्यारांप्रमाणे वाटणी होई. आज्ञापत्र आणखी पुढे जाऊन सांगते की हवालदार तीन, सरनोबत चार आणि सबनीस-कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत. स्पार्टामध्ये एकाच वेळी दोन राजे असत आणि मोहिमेवर गेलेल्या राजाबरोबर एफोर पाठविले जात, त्यामागेही सत्ता एका हाती साचू न देण्याचाच विचार होता. मात्र तेथे पदे घराण्याला व नागरिकत्वाला चिकटलेली होती, आणि येथे ती बदलीस पात्र होती.

आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण दैनंदिन जीवनाच्या अभ्यासकाला फार मोलाचे आहे, कारण त्यात शौर्याविषयी थोडे आणि घरकामाविषयी पुष्कळ आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने झरा आटू शकतो. साठवणीचे पाणी वेगळे जपावे. रायगडाचा गंगासागर किंवा मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्गावरील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहिल्या म्हणजे हे नियम कागदावर राहिले नव्हते हे समजते.

दारूकोठा घरांजवळ नसावा. दारू मडक्यांत भरून ठेवावी. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून उन्हात द्यावेत आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत. पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे आणि त्यांचे काने, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने बुजवावेत. कोकणातल्या सर्द हवेत महिन्याभरात लोखंडाला किती गंज चढतो हे जाणणाऱ्याला या सूचनांचे महत्त्व सांगावे लागत नाही. तटावर उगवलेली झाडेझुडपे वेळोवेळी कापावीत, कारण त्यांच्या मुळ्या चिरे सुटे करतात. आणि गडावरचा केरकचरा वाटेवर किंवा बाजारात न टाकता जागोजागी जाळून त्याची राख परसात घालावी व घरोघर भाजीपाला करावा. ज्या काळच्या किल्ल्यांचे वर्णन आज बुरूज आणि तोफा यांपुरतेच केले जाते, त्या काळच्या राज्यकर्त्याला परसातल्या भाजीची चिंता होती.

या नियमातच स्पार्टाशी असलेला पहिला मोठा भेद दडलेला आहे. स्पार्टिएटाला शेतीचे वा कारागिरीचे काम करणे मना होते. हाताने काही पिकविणे किंवा घडविणे हे त्याच्या प्रतिष्ठेला बाधक होते. गडावरच्या पाइकाला अशी मनाई नव्हती. तो बहुधा मावळातला किंवा कोकणातला कुणबी होता, त्याचे भाऊबंद नांगरामागे होते, आणि शिबंदीत असतानाही तो बायकापोरांसह घर करून राहू शकत होता. सैनिक आणि शेतकरी ही एकाच घरातली दोन माणसे असणे हा या व्यवस्थेचा पाया होता.

४. मोहीम, पाऊस आणि छावणी

सणांचे पंचांग आणि युद्धाचे पंचांग यांची सांगड दोन्ही ठिकाणी दिसते. स्पार्टामध्ये कार्नेया या उत्सवाच्या काळात सैन्य बाहेर काढणे निषिद्ध होते; इ. स. पू. ४८० मध्ये थर्मोपिलीकडे राजा लिओनिडसबरोबर तीनशेच स्पार्टिएट पुढे गेले त्याचे हेरोडोटसने दिलेले कारण हेच होते. महाराष्ट्रात निर्णायक सत्ता पावसाची होती. लष्कराने पावसाळ्यात छावणीत राहावे, दसऱ्याला सीमोल्लंघन करून आठ महिने मुलूखगिरीवर जावे आणि वैशाखात परतावे, असा क्रम सभासदाने दिला आहे.

निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी केली जाई आणि परतल्यावर तिच्याशी पडताळा घेतला जाई. जास्त निघालेली चीज सरकारजमा होई किंवा पगारात वळती केली जाई. बरोबर बायको, बटीक वा कलावंतीण नेण्यास सक्त मनाई होती आणि तिचे उल्लंघन करणाऱ्याला देहान्त शिक्षा होती. शत्रूच्या मुलखातही बायकामुले धरू नयेत, गाई पकडू नयेत, असे नियम होते. घोडदळातील बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार, आणि शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा स्वार, हे दोघेही या शिस्तीत येत. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद देण्याची व्यवस्था होती, म्हणजे पाणी आणि नाल यांसाठी स्वाराने गावकऱ्यांवर अवलंबून राहू नये ही काळजी घेतलेली होती.

याहून महत्त्वाचे म्हणजे पगार. सैनिकाला गाव तोडून देण्याऐवजी खजिन्यावर वरात, म्हणजे रोख रक्कम देण्याचा हुकूम, द्यावी असे धोरण होते. गाव हाती पडले की शिपाई तेथील रयतेचा धनी होतो, आणि रोख वेतन मिळाले की तो बाजारातला गिऱ्हाईक राहतो. या एका फरकावर सारे रयतेचे सुख अवलंबून असते.

छावणीच्या चार महिन्यांत ही शिस्त कशी ढासळू शकते याची जाणीव महाराजांना किती तीव्र होती, हे चिपळूणजवळ हलवर्ण येथे असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना राज्याभिषेकाच्या सुमारास पाठविलेल्या पत्रावरून कळते. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा. ती आधीच संपली तर घोडी उपाशी मरतील आणि मग लोक कुणब्यांच्या घरात शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी फाटे, कोणी भाजी आणू लागतील. तसे झाले तर रयतेला मोगल बरे वाटतील, असे त्याचे तात्पर्य आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी तंबाखू ओढील, कोणी चूल पेटवील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत त्यात विचार केलेला आहे. या पत्राचे दुहेरी मोल आहे. ते राज्यकर्त्याची दूरदृष्टी दाखविते. आणि शिपाई संधी मिळाली तर लूटच करील हे वास्तवही ते लपवीत नाही. शिवकालीन सैनिक जन्मतः संयमी नव्हता. त्याला रोज, सतत, नावनिशीवार हुकूम देऊन संयमात ठेवावे लागत होते.

५. अर्धा वाटा आणि दोन-पंचमांश वाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. मेसेनियातील हेलोट आपल्या पिकाचा अर्धा भाग धन्याकडे पोचवीत, असे टिर्टियस या स्पार्टाच्याच कवीच्या काव्यावरून कळते. सभासदाप्रमाणे शिवकालात जमिनीची पाहणी करून पिकाचे पाच वाटे करावेत, त्यांतले तीन रयतेने घ्यावेत आणि दोन दिवाणाला, म्हणजे सरकारला, द्यावेत असा दंडक होता. अर्धा आणि दोन-पंचमांश यांत एक-दशांशाचे अंतर आहे. हा एक-दशांश भुकेल्या घराला लहान नव्हे. पण एवढ्यावरून एक व्यवस्था जुलमी आणि दुसरी न्यायी ठरविणे योग्य होणार नाही. खरा फरक उरलेल्या धान्याच्या आणि उरलेल्या माणसाच्या हक्कात आहे.

हा हक्क कसा मानला जात होता याचा सर्वांत स्पष्ट पुरावा याच भागातला आहे. आजच्या लांजा तालुक्यात असलेले प्रभावळी हे त्या काळी एका मामल्याचे, म्हणजे महसुली विभागाचे, मुख्य ठाणे होते. तेथील सुभेदार रामाजी अनंत याला ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेल्या पत्रात रयतेच्या भाजीपाल्याचाही लोभ धरू नये, वसुली पिकाच्या हिश्शाने घ्यावी, गावोगाव जाऊन कुणबी गोळा करावेत, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसा आणि ज्याला खायला नाही त्याला धान्य द्यावे, आणि मागची बाकी व्याजाशिवाय, त्याला ताकद येईल तशी हळूहळू घ्यावी, असे आदेश आहेत. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची तयारी त्यात दाखविली आहे. लारी हे त्या काळी कोकणपट्टीत चालणारे चांदीचे नाणे होते.

स्पार्टाच्या एफोरांची वार्षिक युद्धघोषणा आणि प्रभावळीच्या सुभेदाराला गेलेले हे पत्र, हे दोन्ही राज्याने अन्न पिकविणाऱ्याला उद्देशून घेतलेले निर्णय आहेत. पहिल्यात तो शत्रू आहे. दुसऱ्यात तो उभा राहावा म्हणून राज्य खजिना मोकळा करीत आहे. राज्याचा यात स्वार्थ होताच, कारण रयत उठून गेली तर वसूलही जातो. परंतु आपले हित रयतेच्या हितात आहे हे ओळखणे आणि त्याप्रमाणे शिपायाचा हात रोखून धरणे, हीच राजनीतीतली दुर्मीळ गोष्ट आहे.

६. शिस्तीचा शेवट

दोन्ही व्यवस्था टिकल्या नाहीत, आणि त्यांच्या ऱ्हासाची कारणेही धान्यापाशीच येऊन थांबतात. स्पार्टामध्ये जमीन थोड्या घरांत साचत गेली, भोजनाचा वाटा भरू न शकणाऱ्यांचे नागरिकत्व जात राहिले आणि पूर्ण नागरिकांची संख्या घटली. हेरोडोटसच्या वर्णनात आठ हजार असलेले स्पार्टिएट ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत हजाराच्याही आत आले. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे थीब्जच्या सैन्यापुढे चारशे स्पार्टिएट पडले आणि थोड्याच काळात थीब्जचा सेनापती एपामिनोंडस याने मेसेनिया मुक्त केली. शेतकरी निसटताच सैनिक उपाशी पडला, आणि शतकानुशतके गाजलेल्या शिक्षणक्रमाचा त्याला उपयोग झाला नाही.

महाराष्ट्रात घसरण वेगळ्या मार्गाने आली. १६८९ नंतर मोगलांशी चाललेल्या जीवनमरणाच्या झगड्यात रोख पगार देणे अशक्य झाले, सरदारांना धरून ठेवण्यासाठी वतने व सरंजाम द्यावे लागले, आणि गाव पुन्हा शिपायाच्या हाती गेले. १७६१ मध्ये पानिपतावर गेलेल्या सैन्याबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू यांचा मोठा लवाजमा होता. सभासदाने सांगितलेला नियम तोवर केवळ स्मरणात उरला होता.

रत्नागिरीच्या वाचकाने याच संदर्भात खोतीचाही विचार करावा. खोत, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा राहून गावाचा वसूल भरणारा मध्यस्थ, याच्या वेठीत कुळाने पिढ्यान्‌पिढ्या राबावे ही कोकणातली जुनी स्थिती होती. कूळ हेलोट नव्हते, कारण त्याच्या जिवावर राज्याची मालकी नव्हती. तरी स्वतः पिकविलेल्या धान्यावर स्वतःची सत्ता नसणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. प्रभावळीच्या पत्रात कुणब्याविषयी जे आश्वासन होते त्याला कायद्याचे रूप यायला पावणेतीनशे वर्षे लागली, ही गोष्ट अभिमानाबरोबरच लक्षात ठेवली पाहिजे.

७. समारोप

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग त्यांतला एक आहे. भूदृश्य या कल्पनेत किल्ल्याभोवतीचा मुलूखही येतो, आणि म्हणून हा मान मिळाल्यानंतरचे कर्तव्य तट सावरण्यापुरते राहत नाही. घेऱ्यातल्या गावांनी कोणता वसूल दिला, कोणते धान्य अंबारखान्यात, म्हणजे गडावरच्या कोठारात, चढविले, पहाऱ्याची मेटे कोणत्या वस्त्यांनी सांभाळली, वेठ कोणाच्या वाट्याला आली, या प्रश्नांची उत्तरे पुण्याच्या पेशवे दप्तरात, कोल्हापूरच्या अभिलेखागारात आणि कोकणातल्या घराघरांत बांधून ठेवलेल्या मोडी कागदांत शोधावी लागतील.

पूर्णगडासारख्या लहान किल्ल्यांच्या बाबतीत हे काम अधिक निकडीचे आहे, कारण मोठ्या गडांना बखरकार मिळाले आणि लहान गडांना मिळाले नाहीत. मोडी वाचू शकणारी माणसे प्रत्येक तालुक्यात तयार व्हावीत, शाळा-महाविद्यालयांनी घेऱ्यातल्या गावांच्या नोंदी हाती घ्याव्यात, आणि दप्तरे वाळवी व पावसाच्या स्वाधीन होण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढल्या जाव्यात. स्पार्टाचा इतिहास हेलोटाने लिहिला नाही. जे काही कळते ते त्याच्या धन्याच्या चाहत्यांकडून व शत्रूंकडून कळते. कोकणातल्या कुणब्याचा शब्द मात्र कैफियतींत, तक्रारींत आणि वसुलाच्या याद्यांत अजून शिल्लक आहे, आणि तो वाचल्याशिवाय शिबंदीच्या शिस्तीचे खरे मोल ठरविता येणार नाही.